टाकीवरचा हात

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर उसाची ट्रॉली आडवी झाली, मागे गाड्या तुंबल्या, आणि धम्मदीपच्या कारच्या खिडकीला लागून त्याच्या आईचा हात येऊन थांबला. खरा नव्हे, छापलेला. मोटारसायकलच्या लाल टाकीवर रुपेरी रंगात बाईचा डावा हात, कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत सरळ हवेत पसरलेला. त्यामागे डोक्याला घट्ट रुमाल आणि डोळ्यांवर भलामोठा गॉगल असलेला चेहरा, आणि खाली वळणदार अक्षरांत ‘मिस सारजा’. अक्षरांचं ते वळण धम्मदीपनेच काढलेलं होतं. ऑफिसच्या पडद्यावर हा हात त्याने इतक्या वेळा पाहिला होता की शेवटी शेवटी तो हात वाटेनासाच झाला होता. नुसता एक आकार. कुठे जाड करायचा, कुठे बारीक, एवढंच. पण आता तो रस्त्यावर आला होता. गाडीवरचा माणूस ट्रॉलीवाल्याला शिव्या घालत होता आणि त्याचा गुडघा त्या हाताला खेटून होता. मग त्याने खिशातून पिवळं फडकं काढलं आणि टाकीवरची धूळ पुसायला घेतली. कोपरापासून मनगटापर्यंत, पुन्हा मनगटापासून कोपरापर्यंत, अगदी मन लावून. नवी गाडी होती, हौस होती, त्याचं काही चुकत नव्हतं.  धम्मदीपने काच वर केली, एसी वाढवला आणि समोर बघत बसला. तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून ते फडकं दिसतच होतं. पूस बाबा, त्याच्या मनात आलं, हवं तेवढं पूस, मी आधीच सगळं पुसून ठेवलंय. मग ट्रॉली हलली, मोटारसायकल पुढे निघून गेली आणि मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले.

एमआयडीसीतल्या मोटारसायकलच्या कंपनीत तो ग्राफिक्सला होता. गाडीच्या अंगाला जे जे चिकटतं, पट्टे, अक्षरं, चित्रं, ते सगळं त्याच्या हाताखालून जायचं. गेल्या वर्षी साहेबांच्या डोक्यात आलं की या भागातल्या एखाद्या नावाजलेल्या धाडसी माणसाच्या नावाने मोजक्याच गाड्या काढायच्या, प्रत्येकीवर क्रमांक घालायचा, म्हणजे लोक उड्या टाकतील. नाव कुणाचं, यावर फार खल झाला नाही. इकडच्या कुठल्याही जत्रेत, पन्नाशी उलटलेल्या कुणाही माणसासमोर ‘मौत का कुआँ’ म्हणा, त्याच्या तोंडून सारजाच निघते. फळ्यांची ती गोल उभी विहीर, वर कठड्याला धरून वाकलेली माणसं, आत सायलेन्सर काढलेल्या गाडीचा कान फोडणारा आवाज, आणि भिंतीवरून आडवी होत होत वर येणारी, हँडल सोडून लोकांपुढे हात करणारी नऊवारीतली बाई. कुव्याचे मालक केडगावचे मारुतराव, आणि सारजाबाई त्यांची बायको. दोघंही आता नाहीत. त्यांचा मुलगा रविराज, बागाईतदार, सोसायटीचा चेअरमन, स्वतः फोटो घेऊन कंपनीत आला. जुनी चौकट त्याने शालीत गुंडाळून आणली होती. “आमच्या आईसाहेब,” तो म्हणाला, आणि एवढ्या धिप्पाड माणसाचे डोळे भरून आले. सगळे टेबलाभोवती वाकले, तसा धम्मदीपही वाकला. रुमाल आणि गॉगल यांच्यामध्ये चेहरा म्हणावा असा उरलाच नव्हता, तो कुणाचाही असू शकला असता. पण त्या पसरलेल्या डाव्या हातावर, आतल्या बाजूला, काळपट गोंदण होतं, आणि धम्मदीपला ते वाचता येत होतं. शाळेत जायच्या आधीपासून वाचता येत होतं. आयुष्यात त्याने वाचलेला तो पहिला शब्द. सोजर.

सोजरबाई म्हणजे त्याची आई. निमोण्याच्या वस्तीतून ती कुव्यावर तिकिटं फाडायला म्हणून गेली होती. सारजाबाईने दोन हंगाम गाडी चालवली. मग रविराजच्या वेळी दिवस गेले आणि ती जी खाली उतरली ती पुन्हा बसली नाही. तोवर कुव्याबाहेरच्या फळ्यावर तिचं नाव चढलेलं होतं, आणि कुव्याच्या धंद्यात फळ्यावरचं नाव उतरवत नाहीत. माणसं येतात, हातपाय मोडून घेतात, पळून जातात. नाव तेच राहतं, आणि गाडीवर जो बसेल तो त्या नावाचा होतो. तशी सोजर मिस सारजा झाली आणि धम्मदीपचा जन्म होईपर्यंत मिस सारजाच राहिली. हँडल सोडायचं काम तिने आणलं. सारजाबाईने ते कधी केलं नव्हतं. मारुतराव भोंग्यावरून ओरडायचे, सारजाऽ, आणि वरून नोटा फडफडायच्या. सोजरचं नाव फळ्यावर आलं असतं तर मागून वस्तीही आली असती, आडनावही आलं असतं, हे मारुतरावांनी कधी बोलून दाखवलं नाही आणि तिनेही कधी विचारलं नाही. “कुव्यात नाव कुव्याचंच असतंय,” एवढंच ती म्हणायची. फक्त पहिला हंगाम संपताना, यवतच्या जत्रेत, ती मशीनवाल्या गोंदणाऱ्यासमोर बसली आणि डाव्या हातावर आपलं नाव घालून घेतलं. त्यानंतर प्रत्येक खेळाला, कठड्याजवळ पोचली की तोच हात वर करायची. “कुनाला वाचता येत हुतं म्हना,” ती हसून सांगायची, “गाडी काय थांबतीया व्हय वाचाया? पर मी दावायची.” लहानपणी धम्मदीप तिच्या मांडीवर बसून त्या निळसर अक्षरांवरून बोट फिरवायचा. पुण्याहून एकदा फोटोवाला आला होता, वरून फ्लॅशचा बल्ब उडवून गेला होता, हेही तिच्या गोष्टीत असायचं. तो फोटो तिने कधी पाहिला नव्हता. पण कुठेतरी तो आहे आणि त्यात आपण आहोत, एवढं तिला माहीत होतं, आणि सगळ्या जन्मात तेवढ्या एका गोष्टीचा तिला ताठा होता.

रविराजने त्या दिवशी धम्मदीपला ओळखलं. “तू निमोण्याचा ना रे? तुझी आई आमच्या कुव्यावर होती की. तिकिटांवर.” सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. इथे बोलायचं, हे त्याला कळत होतं. एवढं सरळ दार क्वचितच कुणी कुणासाठी उघडून देतं. “हो दादा, तिकिटांवर,” तो म्हणाला. का म्हणाला, याची कारणं त्याने नंतर स्वतःला खूप दिली. रविराज रडत होता. रडणाऱ्या माणसाला तुझी आई ही नव्हेच असं कसं सांगायचं? रविराजला जत्रेत कधी नेलंच नव्हतं, बापाने सांगितलं तेच तो धरून चालला होता, त्या बिचाऱ्याचा काय दोष? हे सगळं खरं होतं, आणि यातलं एकही कारण त्या क्षणी त्याच्या मनात नव्हतं. त्या क्षणी त्याला शिरूरची शाळा दिसली होती, मधल्या सुट्टीत मागून येणारे ‘मौतवालीचा, मौतवालीचा’ असे आवाज ऐकू आले होते, आणि लग्नाच्या बोलणीत मोनालीच्या वडिलांना आपण किती सहज सांगून गेलो, आई शेतावर कामाला जायची, ते आठवलं होतं. साहेबांनी फोटोवर बोट ठेवलं. “हातावर काहीतरी डाग आलाय बघ. टाकीवर घाण दिसेल. क्लीन कर.” धम्मदीप म्हणाला, “हो सर.” कुणी दरडावलं नव्हतं, कुणी दुसऱ्यांदा सांगितलंही नव्हतं. त्याला आता हेच सगळ्यात जास्त खात होतं, की कुणी जोर केला असता तर निदान त्याच्याकडे बोट दाखवता आलं असतं.

जेवणाची सुट्टी व्हायच्या आत काम झालं होतं. पडद्यावर हात मोठा केला तशी अक्षरं फुटून करड्या ठिपक्यांची झाली, तेव्हा त्याला बरंच वाटलं. वाचता येत नाही ते नाव कसलं? शेजारची स्वच्छ कातडी उचलायची आणि ठिपक्यांवर ठेवायची, असं ते काम असतं. त्याने शेवटच्या अक्षरापासून सुरुवात केली. आधी ‘र’ गेला, मग ‘ज’. ‘सो’ उरला तेव्हा तो उठून पाणी पिऊन आला, आणि आल्यावर तोही घालवला. हात लहान करून पाहिला तर तो इतका नितळ, इतका कुणाचाच नसलेला झाला होता की साहेब खांद्यावर थाप मारून गेले. त्यात आणखी एक झालं. जुना फोटो काचेला चिकटला होता, तो सोडवताना कुणाच्या तरी हातून फाटून त्याचे तुकडे झाले. रविराजला साफ केलेली नवी प्रत सोनेरी चौकटीत दिली, तर तो उलट खूशच झाला. आता खरा हात फक्त धम्मदीपच्या कॉम्प्युटरमध्ये होता, स्कॅन केलेला. ती फाइल त्याने पुसली नाही. उघडलीही नाही. आपण ती ठेवली आहे, यालाच तो बरेच दिवस आपला चांगुलपणा समजत राहिला.

त्या दिवशी स्टँडसमोरच्या गर्दीतून सुटून घरी पोचला तर मोनाली त्याच्या आईशी फोनवर बोलत होती. “घ्या, आलेच,” म्हणून तिने फोन त्याच्याकडे दिला. आईचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता. कुव्यातल्या आवाजाने तिच्या कानांचं जे व्हायचं ते कधीच झालं होतं आणि ती सगळ्या जगाशी ओरडूनच बोलायची. “धम्मा, सारजावैनीच्या नावाची गाडी काढली म्हनं तुमच्या कंपनीनं. आन् त्येच्यावर फोटू बी हाय म्हनं?” तो हो म्हणाला. “कुठला फोटू?” आई म्हणाली, आणि मग तिचा आवाज इतका खाली आला की त्याला फोन कानाला दाबावा लागला. “हात वर केलेला हाय का रं?” मोनाली समोरच उभी होती. आहे, त्याने सांगितलं.  आई म्हणाली, “मला दाव. आयतवारी दाव.” सासूबाईंना गाडीचं काय एवढं, मोनालीने हसत विचारलं.  येत्या रविवारी काम आहे, पुढच्या रविवारी नेतो, असं सांगायचं त्याने ठरवलं आणि रविवारी सकाळी तो निमोण्याला जाऊन उभा राहिला. आई दारात तयार बसली होती. चांगलं निळं लुगडं नेसली होती आणि अंगात लांब बाह्यांचं झंपर. एवढ्या उकाड्यात लांब बाह्या कशाला, हे त्याने विचारलं नाही. त्याला कळलं होतं. नवरीने पदर सांभाळावा तसा तिने तो हात सांभाळला होता, वेळ येईपर्यंत कुणाला दिसू द्यायचा नाही म्हणून. न्हावऱ्यापासून चौफुल्यापर्यंत त्याला दर मैलाला वाटत होतं, आत्ता सांगावं.

यवतच्या शोरूममध्ये सुदर्शन म्हणून मॅनेजर होता, धम्मदीपच्या ओळखीचा. तो लगबगीने पुढे आला, आईसाठी खुर्ची मागवली. “आजी, ही बघा. आपल्या भागाची शान. ही शेवटचीच राहिलीय.” आई खुर्चीवर बसली नाही. गाडीच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली, कमरेत वाकली, आणि चष्मा वर-खाली करत बघायला लागली. आधी चेहरा बघितला, तिथे फार थांबली नाही. मग बोटांवरून कोपराकडे तिची नजर सरकत गेली आणि मधेच अडली. ती आणखी वाकली. अंगठ्याने तिने टाकी घासली, अगदी हलकेच, एखादा चिकटलेला कागद निघतोय का बघावं तशी. मग स्वतःच्या डाव्या हाताची बाही तिने बोटभर वर केली, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, लगेच खाली ओढली. धम्मदीप दोन पावलांवर उभा होता.  आई वळली. “धम्मा, ह्यो फोटू तू बघितलास न्हवं, मूळचा? मोठा करून?”

“बघितला.”

“त्यात हातावर काय हुतं का? गोंदण-बिंदण?”

सुदर्शन बघत होता. काउंटरवरची मुलगी बघत होती. एकाच शब्दाचं उत्तर होतं आणि अख्ख्या रस्त्यात ते त्याच्या जिभेवर होतं. “न्हाई आई,” तो म्हणाला, “काय नव्हतं.”

आईने मान डोलावली. दोनदा, तीनदा डोलावली, जसं एखादं अडलेलं गणित सुटावं. “मग सारजावैनीच,” ती म्हणाली. “बरं झालं बाबा इचारलं. उगं चार माणसांत बोलले असते.” सुदर्शनने चहा मागवला होता, तो तिने उभ्याउभ्याच घेतला, कप परत दिला, आणि गाडी छान काढलीया म्हणाली. बाहेर पडताना तिने मागे वळून पाहिलं नाही. तिला पायरी उतरायला त्याने हात पुढे केला, तो तिने धरला. तिचा तळवा थंडगार होता.

केडगाव मागे पडलं आणि आई बोलायला लागली. “सारजावैनी म्हंजी काय बाई हुती, धम्मा. तुला न्हाई ठावं. खालच्या उतरणीवर आधी फेऱ्या घ्यायची, घाई न्हाई करायची. पोरी घाई करत्यात आन् पडत्यात. मग भिंतीला लागायची. वरच्या लाल पट्ट्यापाशी आली, का मान वर करून लोकांकडं एकडाव बघायची, आन् मग सोडायची हँडल. तवा पोटात काय बी न्हाई राहत बघ, सगळं हलकं हुतंय.” ती थांबली. “आसं सांगायची ती,” घाईने म्हणाली. “मला वाटायचं वैनीनं कवा हात न्हाई सोडला. म्हातारपणी माणसाला काय बी वाटतंय. फोटूवाला आला तवा मी तिकिटांवर असंन.” धम्मदीप स्टिअरिंग घट्ट धरून ऐकत होता. ही गोष्ट त्याने लहानपणी हजारदा ऐकली होती, याच शब्दांत, याच थांब्यांनी. तीच उतरण, तोच लाल पट्टा, पोटातलं तेच हलकेपण. फक्त आई तिच्यातून उठून गेली होती. इतक्या नीट, इतक्या आवरून गेली होती की आपण कुठे होतो याची खूणही ती मागे ठेवत नव्हती. ऑफिसात त्याने हातावरचं नाव घालवलं होतं. आज तिच्याच तोंडाने त्याने तिला अख्खी पुसायला लावली होती. भीमेचा पूल ओलांडला आणि त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. बाजूला उसाची तोड चालली होती, पाचटाचा वास येत होता.

“आई, गोंदण हुतं,” तो म्हणाला. “नाव हुतं तुझं. मी पुसलं.”

तिने चेहरा त्याच्याकडे वळवला. ऐकू आलं नाही वाटून तो पुन्हा म्हणाला, मोठ्याने, “तुझाच फोटो आहे तो. साहेब म्हणाले डाग आहे, काढ. मी काढला. नाव आहे म्हणून मला माहीत होतं, तरी काढला.”

“कशापायी रं?”

“लाज वाटली. तू कुव्यावर होतीस म्हणून लोकांत लाज वाटली मला.” हे तो पहिल्यांदाच बोलला होता, आणि बोलल्यावर त्याला रडू कोसळलं. चाळिशीचा बाप्या माणूस स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडत होता.  आई आता ओरडेल, मुस्काटात देईल, गाडीतून उतरून चालायला लागेल, याची तो वाट बघत राहिला; त्याला ते हवं होतं.

“मघाशी तर न्हाई म्हणलास,” ती म्हणाली.

“खोटं बोललो मघाशी.”

“मघाशी खोटं बोललास, का आत्ता?”

त्याने डोकं वर केलं. “ऑफिसात आहे आई, पहिला फोटो, कॉम्प्युटरमध्ये. उद्या आणून दाखवतो तुला. तुझं नाव आहे त्यात, स्पष्ट.”

आई हसली. मायेने हसली, लहान मुलाच्या थापेला हसावं तशी. “तुमच्या त्या कम्प्युटरात काढता येतंय, तर घालता बी येत आसंल की.”  येत होतं, जेवणाच्या सुट्टीच्या आत येत होतं. तिने पदराच्या टोकाने त्याचं तोंड पुसलं, डोळे पुसले. “तू माझं मन राखाया बोलतुयास, मला कळत न्हाई व्हय? शोरूमात माझं तोंड बघितलंस, आन् तुला वंगाळ वाटलं. लई गुणाचा हायेस बाळा. पर मला न्हाई काय वाटत.” मागून एक ट्रक हॉर्न देत गेला. तिने त्याच्या पाठीवर दोनदा थोपटलं, नीट सरळ होऊन बसली आणि पुढच्या काचेतून रस्त्याकडे बघत म्हणाली, “चल, घे गाडी. आन् हे मोनालीला काय सांगू नगंस. हसंल ती, म्हातारी जलमभर काय धरून बसली हुती म्हणून.”